गोव्याच्या हरितगृह वायूंचा हिशेब आणि हवामान तटस्थता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभा, शाळा-महाविद्यालयं, हॉटेलवाले, गृहनिर्माण सोसायट्या आणि जैवविविधता समित्यांचे सदस्य आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळ्या उत्तरांमागे आमचं एक मत आहे, ते आधीच सांगून टाकतो. गोव्यासारख्या लहान आणि हिरव्यागार राज्याला कागदावर ‘तटस्थ’ होणं, म्हणजे जितके वायू सोडले तितके शोषले गेल्याचं दाखवणं, फार सोपं आहे, म्हणूनच इथल्या हिशेबाचे नियम इतरांपेक्षा कडक हवेत.

1. हरितगृह वायू नेमके कोणते? सगळे नुसतं ‘कार्बन’ का म्हणतात?

कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे मुख्य तीन. शिवाय एसी-फ्रिजमध्ये भरतात ते एचएफसी, विजेच्या उपकेंद्रांतल्या उपकरणांत असणारा सल्फर हेक्साफ्लोराइड असे काही कृत्रिम वायू. प्रत्येकाची उष्णता अडवण्याची ताकद वेगळी असते. त्यामुळे बेरीज करता यावी म्हणून सगळ्यांचं वजन ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ या एकाच मापात आणतात. हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, पाचव्या अहवालानुसार 100 वर्षांच्या मुदतीत एक किलो मिथेन 28 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड 265 किलोच्या बरोबरीचा धरतात.

जुन्या अहवालांत मिथेनसाठी 21 हा गुणक सापडेल. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे गुणक एकच आहे ना, हे पाहा. तो वेगळा असेल तर जमिनीवर काहीही न बदलता आकडा बदललेला दिसतो.

2. हे मोजतात कसं? गावोगावी यंत्रं लावलेली असतात का?

नाही. जवळजवळ सगळा हिशेब गुणाकाराचा आहे: किती इंधन जळलं, किती वीज वापरली, किती कचरा पडला, गुणिले त्या-त्या गोष्टीचा उत्सर्जन गुणांक. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो. घरगुती 14.2 किलोचा एक सिलिंडर म्हणजे साधारण 42 किलो. केंद्रीय ग्रिडमधून आलेल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो. हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी सुधारून प्रसिद्ध करतं.

समजा, म्हापशातलं एक चौघांचं घर. महिन्याला 250 युनिट वीज (175 किलो), एक सिलिंडर (42 किलो), दोन स्कूटरचं मिळून 15 लिटर पेट्रोल (सुमारे 35 किलो). महिन्याचे 250 किलो, वर्षाचे तीन टन. हा तीन टनांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

3. राज्याच्या हिशेबात काय काय येतं?

आयपीसीसीच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चार कप्पे असतात: ऊर्जा, औद्योगिक प्रक्रिया, शेती-जंगल-जमीन वापर आणि कचरा. 2019 मध्ये या सूचनांना सुधारणांची पुरवणी जोडली गेली. कारखान्याने बॉयलरसाठी तेल जाळलं तर ते ऊर्जेत येतं. तिथल्या रासायनिक क्रियेतूनच वायू सुटला तर तो औद्योगिक प्रक्रियेत.

अचूकतेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत जगभरासाठी ठरवलेले गुणांक, दुसरीत देशाचे किंवा राज्याचे, तिसरीत प्रत्यक्ष मोजमाप आणि प्रारूपं. इंधनाच्या आकड्यांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, कारण पंपावर प्रत्येक लिटर विकला जातो. शेती आणि कचऱ्याचे आकडे मात्र बरेच इकडे-तिकडे होऊ शकतात. ज्या अहवालात ही अनिश्चितता लिहिलेलीच नाही, तो आम्ही सावधपणे वाचतो.

4. गोव्यात औष्णिक वीज केंद्रच नाही. मग विजेचा धूर आमच्या नावावर का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचाही.

राज्यात स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही. आपल्याला वीज मिळते ती मुख्यतः केंद्रीय प्रकल्पांतल्या वाट्यातून, पश्चिम ग्रिडवरून आणि काही प्रमाणात दक्षिण ग्रिडवरून. त्यातली बरीचशी कोळशाची. भौगोलिक हिशेब लावला तर धूर छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणाच्या खात्यावर जातो आणि गोवा आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो.

म्हणून शहरं आणि राज्यं तीन कक्षा वापरतात. पहिली कक्षा: हद्दीच्या आत प्रत्यक्ष सुटलेले वायू. दुसरी: हद्दीत वापरलेल्या, पण बाहेर तयार झालेल्या विजेचे. तिसरी: हद्दीतल्या लोकांसाठी बाहेर घडलेलं बाकी सगळं, म्हणजे बाहेरून येणारं सिमेंट, दूध, भाजी. राष्ट्रीय हिशेबात पहिलीच कक्षा धरतात, नाहीतर एकच टन दोन राज्यांत मोजला जाईल. पण ‘आपण काय कमी करायचं’ हे ठरवताना दुसरी कक्षा वगळणं म्हणजे छत्तीसगडमधल्या कोरबाच्या लोकांनी श्वासात घेतलेला धूर आपला नाही असं म्हणणं. आमच्या सगळ्या तक्त्यांत पहिली आणि दुसरी कक्षा शेजारी-शेजारी असतात, त्यांची बेरीज वेगळ्या ओळीत.

याचं एक चांगलं उदाहरण कोकण रेल्वे. 2022 मध्ये संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं. डिझेल इंजिनं गेली तेव्हा पहिल्या कक्षेतला आकडा उतरला, पण त्याचा एक भाग दुसऱ्या कक्षेत गेला. पहिलीच कक्षा पाहणाऱ्याला सगळा धूर नाहीसा झाल्यासारखा वाटेल.

5. हवामान तटस्थता आणि 100 टक्के अक्षय ऊर्जा एकच ना?

नाही. भारताने नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो परिषदेत 2070 पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. गोवा सरकारने 2050 पर्यंत 100 टक्के अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट ठेवलं आहे. दुसरं पूर्ण झालं तरी पहिलं आपोआप होत नाही. वीज पूर्णपणे सूर्याची आणि वाऱ्याची झाली, गाड्या विजेवर आल्या, तरी कचऱ्यातला मिथेन, गोठ्यातला मिथेन, खतांमधला नायट्रस ऑक्साइड आणि एसीतला वायू उरतोच.

तटस्थतेत उरलेलं उत्सर्जन आणि शोषण यांची वजाबाकी शून्य व्हावी लागते, आणि तीही सर्व वायू धरून. ‘कार्बन तटस्थ’ अशी पाटी लावणारे बरेचदा फक्त वीज आणि इंधन धरतात, म्हणून कोणते वायू आणि कोणत्या कक्षा धरल्या आहेत हे त्यांना विचारा.

6. पर्यटक आमच्या डोक्यावर का मोजता?

2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती. 2024 मध्ये सरकारी आकड्यांप्रमाणे एक कोटीहून अधिक पर्यटक येऊन गेले. कळंगुट-बागा पट्ट्यातल्या एसीची वीज, भाड्याच्या गाड्यांचं पेट्रोल, शॅकमधला गॅस, हे सगळं गोव्याच्या हद्दीतच जळतं, म्हणून पहिल्या-दुसऱ्या कक्षेत येतं. ते वगळायचा अधिकार आपल्याला नाही. त्या खोल्यांचं भाडं आपण घेतो.

चूक होते ती दरडोई आकडा काढताना. एकूण उत्सर्जनाला 14-15 लाखांनी भागलं की गोवेकर फार उधळे दिसतात, आणि पर्यटकांसकट सगळ्या डोक्यांनी भागलं की फारच काटकसरी दिसतात. पर्यटक वर्षभर राहत नाहीत, चार-पाच रात्री राहतात, म्हणून भागायचं असेल तर रात्रींनी भागा: रहिवाशाच्या 365 रात्री, पाहुण्याच्या जितक्या मुक्कामाच्या तितक्या. हॉटेलांसाठी ‘प्रति खोली प्रति रात्र किती किलो’ हे माप सगळ्यात उपयोगी पडतं. त्यात हंगाम आणि ऑफ-सीझन यांतला फरकही लगेच दिसतो. खोल्या रिकाम्या असतानाही शीतगृह, पंप आणि लॉबीचा एसी चालूच असतो.

7. दाबोळी आणि मोपाची विमानं, मुरगावची जहाजं कुठे धरायची?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं आणि परदेशी जाणाऱ्या जहाजांचं इंधन देशाच्या बेरजेत येत नाही, तळटीप म्हणून वेगळं नोंदवतात. देशांतर्गत विमानांचं इंधन राष्ट्रीय बेरजेत येतं. पण राज्याच्या पातळीवर मुंबई-गोवा उड्डाणातलं कुणाचं किती, याला एकच सर्वमान्य उत्तर नाही. आम्ही ते तिसऱ्या कक्षेत, वेगळ्या ओळीत दाखवायला सांगतो. लपवायचं मात्र नाही. पर्यटनावर चालणाऱ्या राज्यात ही ओळ मोठी असते.

मोपा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. त्यामुळे 2022 आणि त्यानंतरच्या वर्षांची तुलना करताना दोन्ही विमानतळांची बेरीज घ्या. एकट्या दाबोळीवरून काहीच कळणार नाही.

8. सावंतवाडी-बांद्याचे लोक पेडण्यात येऊन टाकी भरतात. ते पेट्रोल कुणाचं?

नियम विक्रीचा आहे: जिथे विकलं, तिथे मोजलं. गोव्यात पेट्रोल शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त असतं तेव्हा सीमेवरच्या पंपांची विक्री वाढते आणि गोव्याचं वाहतूक उत्सर्जन फुगतं. दरातला फरक कमी झाला की ते उतरतं आणि कुणीतरी श्रेय घेऊन मोकळं होतं. तालुकावार विक्री पाहिली तर सीमेवरच्या पंपांचा हा खेळ बऱ्यापैकी वेगळा काढता येतो.

9. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा गोव्याच्या खात्यात येतो का?

तो कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांत जळतो, म्हणून जळण्याचं उत्सर्जन तिकडे. गोव्याच्या वाट्याला येतं ते बंदरातल्या यंत्रांचं आणि राज्याच्या हद्दीतल्या वाहतुकीचं. वास्कोच्या घरांवर बसणारी काळी धूळ या हिशेबात कुठेच नाही, कारण ती हरितगृह वायू नाही. तो प्रश्न हवेच्या गुणवत्तेचा आहे आणि तितक्याच गांभीर्याने, पण वेगळा मांडायला हवा. दोन्ही एकत्र मांडले की दोन्हीकडची बाजू कमकुवत होते.

10. आधारवर्ष कोणतं धरावं?

गोव्यात हा प्रश्न फार नाजूक आहे. 2010-11 च्या सुमाराला खनिज निर्यात शिखरावर होती. खाणींवरची यंत्रं, डिचोली-सावर्डे-केपे भागातले हजारो ट्रक, मांडवी-झुआरीतल्या बार्जेस, सगळं डिझेलवर. ऑक्टोबर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. नंतर ते पुन्हा मर्यादित प्रमाणात सुरू झालं, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्टे रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडलं. लिलावानंतर 2024 मध्ये डिचोलीत परत सुरुवात झाली. मधे 2020-21 मध्ये कोविडने पर्यटनच थांबलं.

म्हणजे 2010-11 आधार धरला तर काहीही न करता मोठी घट दिसेल. 2020-21 धरला तर प्रामाणिकपणे काम करूनही वाढ दिसेल. आमचा सल्ला असा: एक वर्ष न धरता खाणी बंद असलेल्या, पण पर्यटन सुरू असलेल्या काही वर्षांची सरासरी धरा आणि खाणकाम कायम वेगळ्या ओळीत ठेवा. ते पुन्हा वाढलं तर घरांनी आणि हॉटेलांनी केलेली बचत त्यात बुडून जाणार नाही, आणि खाणींची वाढही कुणाच्या बचतीआड लपणार नाही.

11. गोव्याचं अर्ध्याहून जास्त क्षेत्र जंगल आहे. मग आपण आधीच तटस्थ नाही का?

सभेत हा प्रश्न आला की टाळ्या पडतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात गोव्याच्या 3,702 चौरस किलोमीटरपैकी 2,244 चौरस किलोमीटर, म्हणजे 60 टक्क्यांहून थोडं जास्त क्षेत्र वनाच्छादित दाखवलं आहे. पण त्या अहवालात ‘वन’ म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठा, 10 टक्क्यांहून जास्त छत्र असलेला झाडांचा कोणताही तुकडा, मालकी कुणाचीही असो. त्यात म्हादई आणि नेत्रावळीची अभयारण्यं आहेत, तशाच काजूच्या बागा, माडांची भाटं आणि कुळागरंही आहेत. काजूची बाग वाईट नाही, पण ती म्हणजे घाटातलं रान नव्हे.

त्याहून मोठा घोटाळा साठा आणि प्रवाह यांचा. विहिरीत किती पाणी आहे आणि झरा दिवसाला किती देतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगलात शेकडो वर्षांत साठलेला कार्बन ही विहीर झाली. यंदाच्या पेट्रोलमधून सुटलेल्या कार्बनशी तोलायचा तो झरा, म्हणजे यंदा त्या साठ्यात पडलेली भर. जुन्या, पूर्ण वाढलेल्या रानात जितकं वाढतं जवळपास तितकंच कुजतं आणि पडतं. ते रान राखायचं ते साठा फुटू नये म्हणून, दरवर्षी नवं श्रेय घेण्यासाठी नाही.

आकड्यात पाहू. त्याच अहवालात गोव्यात खारफुटी 27 चौरस किलोमीटर आहे. कार्बन साठवण्यात खारफुटीची बरोबरी करणारी परिसंस्था मिळणं कठीण. आयपीसीसीच्या पाणथळ जागांवरच्या पुरवणीतला सर्वसाधारण गुणांक घेतला तर तिच्या मातीत हेक्टरी वर्षाला सुमारे 1.62 टन कार्बन गाडला जातो. 2,700 हेक्टर धरले तर वर्षाला सुमारे 16,000 टन कार्बन डायऑक्साइड. प्रश्न 2 मधल्या घरासारखी घरं घेतली तर पाच हजारांच्या थोडी वर घरं भागली. गोव्यात कुटुंबं आहेत तीन लाखांहून अधिक, आणि यात हॉटेलं, कारखाने, ट्रक अजून आलेलेच नाहीत.

शिवाय साठा फुटतोही. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास कितीतरी ठिकाणी वणवे लागले. जंगलाचं शोषण जमेला धरायचं ठरवलं, तर अशा वर्षाचं नुकसान आणि रस्त्यांसाठी, वसाहतींसाठी तोडलेली झाडं वजाही करावीच लागतात. आम्ही पाहिलेल्या बहुतेक ‘आधीच तटस्थ’ दाव्यांत जमेची बाजू भरलेली असते आणि वजावटीची कोरी.

12. मग वाढदिवसाला झाड लावण्याला काही अर्थ नाही?

सावलीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी जरूर लावा. उत्सर्जन फेडण्यासाठी लावत असाल तर हिशेब असा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण 47 टक्के कार्बन असतो, म्हणजे एक टन कोरड्या लाकडात सुमारे 1.7 टन कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. म्हापशातल्या त्या घराला आपले तीन टन फेडायचे, तर दरवर्षी पावणेदोन टन कोरडं लाकूड नव्याने वाढायला हवं, आणि ते पुढची शंभर वर्षं ना जळायला हवं, ना कुजायला. लावलेल्या रोपट्यावर नाही, जगलेल्या आणि वाढलेल्या झाडावर हिशेब करा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर जाऊन मोजा.

13. कचऱ्याचं उत्सर्जन खरंच इतकं मोठं असतं?

उष्ण आणि ओल्या प्रदेशात त्याचं गणितच वेगळं असतं. ढिगाखाली हवा पोहोचत नाही, तिथे ओला कचरा कुजून मिथेन सुटतो, आणि तो एका वर्षात संपत नाही. आयपीसीसीच्या पद्धतीत मिश्र कचऱ्याचा अर्धा भाग कुजायला कोरड्या समशीतोष्ण प्रदेशात सुमारे 14 वर्षं धरतात, आपल्यासारख्या दमट उष्ण प्रदेशात फक्त चार. म्हणजे गोव्यात कचऱ्याचा मिथेन लवकर आणि जोरात येतो. पण त्यामुळेच ओला कचरा ढिगावर जाणं आज थांबवलं तर फरकही काही वर्षांतच दिसतो. कमी खर्चात इतका लवकर परिणाम देणारा दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही.

मडगावजवळच्या सोनसोड्यावर वर्षानुवर्षं जे साचलं, त्याचं उत्सर्जन नवा कचरा यायचा थांबल्यानंतरही हिशेबात राहतं. दुसऱ्या बाजूला साळगावचा प्रकल्प 2016 पासून ओल्या कचऱ्याचा बायोगॅस करून त्यावर वीज तयार करतो. तिथे मिथेन जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. मुळात तो झाडापानांतून आलेला असल्यामुळे बेरजेत धरत नाहीत (हा नियम प्रश्न 17 मध्ये आहे).

14. सेप्टिक टाकीसुद्धा मोजायची?

हो. गोव्यातल्या असंख्य घरांना सांडपाण्याच्या वाहिन्या नाहीत, त्यामुळे ही ओळ विसरली तर चुकते. सर्वसाधारण गुणांक धरले तर टाकीतून माणशी वर्षाला साडेतीन-चार किलो मिथेन, म्हणजे सुमारे 100 किलो समतुल्य.

15. गायी आणि भातशेतीला दोष देणं अन्याय नाही का?

दोष देण्याचा प्रश्न नाही, नोंद करण्याचा आहे. भारतीय उपखंडासाठी आयपीसीसीचे 2006 चे गुणांक दुभत्या गायीला वर्षाला 58 किलो मिथेन, म्हशीला 55, इतर गुरांना 27 असे आहेत. दुभती गाय म्हणजे सुमारे 1.6 टन समतुल्य. आपली गावठी गाय आकाराने लहान आणि कमी खाणारी, तिचा खरा आकडा याहून कमी असणार. इथे दुसऱ्या पायरीचे गुणांक हवेत. शेण उघड्या खड्ड्यात न टाकता गोबरगॅसमध्ये घातलं तर मिथेन चुलीत जळतो आणि सिलिंडरही वाचतो.

भाताचं म्हणाल, तर पाण्याखाली सतत बुडालेल्या शेतातून मिथेन येतो. हंगामात एकदा पाणी काढून शेत वाळू दिलं तर तो सुमारे 40 टक्के कमी होतो. पण हा सल्ला सरदच्या, म्हणजे पावसाळी, शेतीला देणं निरर्थक आहे, जुलैच्या पावसात शेत कोण वाळवणार? वायंगणाला, म्हणजे पावसानंतरच्या पिकाला, पाणी आपण सोडतो आणि आपणच अडवतो, तिथे तो लागू पडतो. खाजन शेतीचं (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीचं) वेगळं आहे, ते प्रश्न 20 मध्ये.

16. एसीची वीज मोजली. त्यातला गॅसही मोजायचा?

मोजायचा, आणि हॉटेलांच्या हिशेबात सगळ्यात जास्त वेळा हाच सुटलेला असतो. आर-410ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,900 पट, तर आर-32 सुमारे 675 पट तापवणारा. आर-410एचा एक किलो गळाला म्हणजे अडीच हजारांहून जास्त युनिट वीज वापरल्यासारखं. समुद्राच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची नळी आणि कॉइल लवकर गंजते, त्यामुळे किनाऱ्यावरच्या हॉटेलांत गळती वाढते. हिशेब सोपा आहे: वर्षभरात मेकॅनिकने किती किलो गॅस ‘टॉप-अप’ केला, ती बिलं काढा. जितका भरला तितका गळलेला.

एक अपवाद. जुन्या एसीतला आर-22 हाही तापवणारा वायू आहे, पण तो ओझोनच्या माँट्रियल कराराखाली येतो, म्हणून राष्ट्रीय बेरजेत धरत नाहीत. तुमच्याकडे असेल तर तळटीपेत लिहा. त्याच्या जागी आर-410एचा नवा एसी बसवला की कागदावर उत्सर्जन एकदम वाढलेलं दिसेल. घाबरू नका, कारणही लिहून ठेवा.

17. पोदेराची (पाववाल्याची) भट्टी, काजूची भट्टी यांच्या लाकडाचं काय?

लाकूड जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत. झाड तोडलं तेव्हाच तो जमिनीच्या कप्प्यात मोजलेला असतो, नाहीतर दोनदा मोजला जाईल. मात्र त्या धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. काजू कारखान्यात जाळलेल्या टरफलांनाही हाच नियम. म्हणजे फेणी गाळणाऱ्याचा आकडा लहान येतो, पण लाकूड कुठून आलं हे विचारायलाच हवं. रान तोडून आलं असेल तर ते प्रश्न 11 मधल्या वजावटीत उमटलं पाहिजे.

18. आमच्या छपरावर सोलर आहे. आम्ही शून्य झालो का?

एक किलोवॉटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाला साधारण 1,400 युनिट देतं. तीन किलोवॉट म्हणजे 4,200 युनिट, सुमारे 2.9 टन टळले. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या क्षमतेला 78,000 रुपये अनुदान आहे. घेण्यासारखंच आहे.

पण नेट मीटरिंगमुळे (ग्रिडला दिलेली वीज वापरातून वजा होते) वर्षाची बेरीज शून्य आली, तरी जून ते सप्टेंबर निर्मिती पडते आणि रात्री तुम्ही ग्रिडवरची कोळशाचीच वीज वापरता. वार्षिक शून्य म्हणजे तासातासाचं शून्य नव्हे. राज्याने आराखडा करताना पावसाळ्यातली रात्र धरून करावा: साठवण, पवन आणि जलविद्युत कुठून येणार, आणि ती आणणाऱ्या वाहिन्या कुठल्या रानातून जाणार. मोलेत त्यावरून किती ताण निर्माण झाला, ते गोव्याने पाहिलं आहे. छपरं आणि खाणींनी उघड्या पडलेल्या जमिनी आधी वापरा, असं आमचं म्हणणं आहे.

19. खत कारखान्याचा वायू शेतात कसा मोजतात?

हा अपवाद बहुतेकांना चकवतो. युरिया बनवताना कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून त्यात बांधला जातो. तेवढा कारखान्याच्या खात्यातून वजा होतो. शेतात युरिया पडला की तो परत सुटतो: टनामागे सुमारे 0.73 टन. म्हणून झुआरीनगरला बनलेला युरिया दुसऱ्या राज्यात वापरला गेला तर तेवढं उत्सर्जन तिकडे मोजलं जातं, आणि बाहेरून आलेला युरिया सासष्टीच्या शेतात पडला तर गोव्याकडे. यात फसवणूक नाही. नियम देशभर एकच आहे. मात्र कारखान्याने जाळलेलं इंधन गोव्याकडेच राहतं.

20. खाजनाचा बांध फुटला आणि तिथे खारफुटी वाढली. हा फायदा म्हणून दाखवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या, हो. खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या आणि खारफुटी उगवलेल्या जमिनीत कार्बन साठू लागतो. पाणी पुरेसं खारं असेल तर मिथेनही जवळपास शून्य धरतात, कारण समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेन बनवणारे जंतू मागे पडतात. याच कारणाने खाजनातल्या खारेपण सोसणाऱ्या कोरगुट भाताला साध्या भाताचा गुणांक लावणं बरोबर नाही. तिथला मिथेन बहुधा कमी असणार, आणि तो प्रत्यक्ष मोजण्यासारखा विषय आहे. उलट बांधाआड गोडं पाणी वर्षभर साचून राहिलं तर मिथेन वाढतो.

तरीही फुटलेला बांध फायदा म्हणून दाखवायला आमचा विरोध आहे. खाजन ही पिढ्यान् पिढ्यांनी गांवकरीच्या, म्हणजे गावाने सामाईक जमीन सांभाळण्याच्या, शिस्तीत बांधलेली, भात, मासळी आणि मीठ देणारी व्यवस्था आहे. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी वेळेवर उघडली-मिटली नाही, बांधाची डागडुजी राहिली, म्हणून जमीन खाऱ्या पाण्याखाली गेली, आणि त्या दुर्लक्षालाच कार्बनचं श्रेय मिळालं, तर बांध दुरुस्त करण्याची कुणालाच गरज वाटणार नाही. कार्बन क्रेडिट विकण्याचे प्रस्ताव घेऊन कुणी तुमच्या कोमुनिदादीकडे (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेकडे) आलं, तर तीन गोष्टी लेखी मागा: जमीन किती वर्षं अडकणार, बांध दुरुस्त करण्याचा हक्क राहणार का, आणि विकलेले टन राज्याच्या हिशेबातून वजा होणार का. विकत घेणाऱ्यानेही मोजायचे आणि गोव्यानेही मोजायचे, असं चालत नाही.

आपल्या गावातले बांध, मानशी आणि पडीक खाजनं यांची नकाशावर नोंद करून ठेवा. सर्व्हे क्रमांक, शेवटचं पीक कधी घेतलं आणि भरतीचं पाणी कुठवर येतं, एवढं असलं तरी पुढचा हिशेब करता येतो.